अठ्ठेचाळीस आणि बावन्न

देवगड बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात
रात्री अकराला मी क्लॅम्प लावला,
तीन तारांपैकी मधल्या तारेला.
अमोनियाचा वास, पायाखाली मिठाचं पाणी,
आणि विश्राम खवणेकर, एकतीस वर्षं ह्याच कॉम्प्रेसरपाशी,
म्हणाले, "तिका धाप लागता. काट्याकडे बघ."
ॲमीटरचा काटा डुलत होता
सेकंदाला दोनदा,
धक्क्याला बांधलेल्या होडीपेक्षा जरा घाईने.

बघण्यासारखं बाकी काही नव्हतं.
झाकण लावलेली मोटार. आत रोटर,
त्यात तांब्याचे चव्वेचाळीस दांडे,
दोन्ही टोकांना कड्यांनी जखडलेले,
बाहेरची तार एकालाही नाही.
भोवतालचं क्षेत्र मिनिटाला पंधराशे फेऱ्या घेतं,
रोटर चौदाशे सत्तर.
तेवढा मागे राहतो म्हणून तर फिरतो;
गाठलं असतं तर ओढच संपली असती.

माझ्या वहीत समीकरणं होती.
त्यांची पहिली ओळ:
सगळे दांडे सारखे आहेत असं मानू.
पदविकेच्या तिसऱ्या वर्षी
मान वर न करता उतरवून घेतलेली.
मग एकाच दांड्याचा रोध वाढवत न्यायचा,
वाढवत न्यायचा, तो तुटेपर्यंत,
आणि बघायचं, गणितात काय बिघडतं.
एक बारीकसं क्षेत्र उलटं फिरू लागतं,
ओहोटीला खाडीच्या कडेकडेने
पाणी मागे वळतं तसं,
आणि पन्नासाच्या दोन्ही अंगांना
खूण सोडतं.
अठ्ठेचाळीस. बावन्न.

पडद्यावर त्या उभ्या होत्या,
मूळ प्रवाहाच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या,
मधल्या डोलकाठीशेजारी दोन काड्या.

पण पिस्टनचा हिसकाही अशा खुणा काढतो.
म्हणून खवणेकरांना म्हटलं, भार अर्धा करा.
रोटर चौदाशे पंच्याऐंशीवर आला तर
दांड्याची खूण आत सरकायला हवी.
आधी वहीत लिहिलं, मग मान वर केली:
एकोणपन्नास, एक्कावन्न.
सरकल्या होत्या.
मला आनंद झाला. मग त्याची थोडी लाज वाटली,
कुणाच्या तरी एक्स-रेत डाग सापडल्यावर
हसू यावं तशी.

खवणेकरांनी विडी पेटवली नाही, अमोनियामुळे,
नुसतीच बोटांत फिरवत राहिले.
"रापणीत असाच," म्हणाले.
"दोरी ओढताना एक माणूस सुटलो
तर वरसून कोणाक दिसणा नाय.
बाजूचे दोघे त्याचा वजन घेतत.
जाळा मात्र तिरक्या येता."
त्यांचा भाऊ दोरी सोडून गोव्याला गेला
ते साल त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मालक वारंगांना फक्त एवढंच हवं होतं:
एकतीस मेपर्यंत ओढेल का?
मग होड्या वर येणार, दोन महिने बंदी,
तेव्हा काय ते उघडा.
आज पंधरा होती.
समीकरणांत तारखेसाठी अक्षर नाही.
मी लिहिलं: एक दांडा तुटलेला,
भार सांभाळून चालवावी, थांबवून सुरू करणं टाळावं.
खाली सही.

मोटार ओढत राहिली.
बांगड्यांवर बर्फ पडत राहिला.
वारा फिरला, नौका एकेक करून वर आल्या,
काटा डुलतच होता, जरा जास्त.

जूनमध्ये कणकवलीत रोटर बाहेर काढला.
कड्याजवळ, जोडावर काजळी.
तुटलेले दोन. एकमेकांशेजारी.
मी एक म्हटलं होतं.

खवणेकर मुद्दाम एसटीने आले होते बघायला.
काजळीवर बोट फिरवलं, लेंग्याला पुसलं.
"एक गेल्यावर," म्हणाले,
"बाजूचो किती दिस रवतलो?"

कारागीर नवं तांबं तापवत होता.
मी वही काढून एकाच्या जागी दोन केले,
तारीख घातली.
वरची ओळ खोडायला पेन टेकवलं होतं,
उचललं.
सगळे दांडे सारखे आहेत असं मानू.
ती नसती तर तुटलेलं कळलं कशावरून असतं?